कमी कलाचे विभंग: ताणलेल्या वाळवंटातला पुरावा आणि वाद

बेसिन अँड रेंज हा अमेरिकेच्या पश्चिमेकडचा कोरडा, डोंगर-खोऱ्यांचा प्रदेश. कॅलिफोर्नियातील सिएरा नेवाडा आणि युटातील वासॅच या दोन पर्वतरांगांच्या मध्ये तो पसरला आहे. नेवाडा राज्य जवळजवळ सगळेच त्यात येते आणि दक्षिणेला ॲरिझोनातून तो मेक्सिकोत उतरतो. साधारण उत्तर-दक्षिण धावणारी अरुंद डोंगररांग, तिच्या पायथ्याशी गाळाने भरलेले सपाट खोरे, मग पुन्हा रांग, असा क्रम शेकडो किलोमीटर चालतो. बहुतेक खोऱ्यांतले पाणी समुद्राला मिळत नाही. ते खोऱ्यातच साचते, आटते आणि मागे मीठ ठेवते. डेथ व्हॅलीतील बॅडवॉटर समुद्रसपाटीपासून ८६ मीटर खाली आहे, तर समोरच्या पॅनामिंट रांगेतले टेलिस्कोप शिखर ३,३६६ मीटर उंच आहे.

हे डोंगर दाबाने घड्या पडून उभे राहिलेले नाहीत, भूकवच मोडून त्याचे ठोकळे वर-खाली सरकल्याने तयार झालेले आहेत, हे ग्रोव्ह कार्ल गिल्बर्ट यांनी १८७०च्या दशकातल्या सर्वेक्षणात ओळखले. कवच मोडले ते ताणामुळे. गेल्या काही कोटी वर्षांत हा प्रदेश सुमारे दुपटीने रुंदावला असे मानले जाते. लास व्हेगासच्या अक्षांशावर ही वाढ २०० किलोमीटरहून अधिक असल्याचे ब्रायन वेर्निके आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे गणित आहे. ताण अजून थांबलेला नाही. उपग्रहांच्या मदतीने केलेल्या मोजणीत प्रदेशाच्या दोन कडा एकमेकींपासून वर्षाला सुमारे १ सेंटीमीटरने दूर जाताना दिसतात.

एवढा ताण कवचाने कसा सोसला, हा या प्रकरणाचा विषय आहे. काही भूवैज्ञानिकांच्या मते त्यातला मोठा वाटा जवळजवळ आडव्या विभंगांनी उचलला. इतरांच्या मते असे विभंग घसरूच शकत नाहीत आणि त्यांचा म्हणून दाखवला जाणारा पुरावा दुसऱ्याच कशाचा तरी असतो.

अँडरसन यांचा नियम

खडक तुटून तुटलेल्या प्रतलावर दोन्ही बाजू एकमेकींवरून सरकल्या की त्याला विभंग किंवा प्रस्तरभंग म्हणतात. विभंगाचे प्रतल तिरपे असेल, तर एक ठोकळा त्याच्या वर येतो आणि दुसरा खाली. वरचा ठोकळा उताराने खाली घसरला, तर तो सामान्य विभंग. कवच ताणले जाते तिथे हाच प्रकार आढळतो. आडव्या पातळीशी प्रतल जो कोन करते तो त्याचा कल.

स्कॉटिश भूवैज्ञानिक अर्नेस्ट मॅसन अँडरसन यांनी १९०५ साली विभंगांचे यांत्रिकी गणित मांडले. जमिनीच्या पृष्ठभागावर हवेखेरीज काही नसते, त्यामुळे तिथे आडव्या दिशेने घासणारे बल टिकत नाही. म्हणून कवचाच्या वरच्या भागातल्या तीन मुख्य दाबांपैकी एक नेहमी उभा असतो. प्रदेश ताणला जात असेल तेव्हा सर्वांत मोठा दाब हा उभा, म्हणजे वरच्या खडकांच्या वजनाचा असतो. अशा स्थितीत नवा विभंग साधारण ६० अंशांच्या कलाने फुटतो. १९७८ साली जेम्स बायर्ली यांनी प्रयोगशाळेतली मापे एकत्र करून दाखवले, की बहुतेक खडकांचा घर्षणगुणांक ०.६ ते ०.८५च्या दरम्यान असतो. या दोन गोष्टी एकत्र धरल्या, तर कल ३० अंशांच्या खाली गेलेला विभंग अडकून बसायला हवा. त्याला घसरवण्यापेक्षा शेजारी नवा उभट विभंग फोडायला कमी बल लागते.

पण ताणाचा हिशेब या नियमाला सहज जुळत नाही. ६० अंशांच्या विभंगावर ठोकळा १ किलोमीटर घसरला, तर प्रदेश फक्त ५०० मीटर रुंदावतो. १० अंशांच्या विभंगावर तेवढ्याच घसरणीने तो सुमारे ९८५ मीटर रुंदावतो. थोड्या जागेत मोठा ताण सामावायचा असेल, तर आडवा विभंग फार सोयीचा. पण निसर्गाने ती सोय वापरली का, हे खडकांतच शोधावे लागते.

खडकात काय दिसते

कॅलिफोर्नियाच्या आग्नेय कोपऱ्यात, कोलोरॅडो नदीच्या काठी व्हिपल पर्वत आहेत. तिथल्या ओढ्यांनी कापलेल्या दरीत उभे राहिले, की एक सीमारेषा लांबवर स्पष्ट दिसते. रेषेच्या खाली राखाडी, पट्टेदार खडक आहे. हा मायलोनाइट: खोल, तापलेल्या कवचात दाबाखाली ताणून निघालेला, ज्यातले क्वार्ट्झचे कण फितीसारखे लांबट झाले आहेत. सीमारेषेजवळ येताना तो चुरडत जातो आणि क्लोराइट या खनिजामुळे हिरवट होतो. अगदी सीमेवर तपकिरी, अतिशय बारीक कणांचा, टणक थर आहे. झिजेला तो दाद देत नाही, म्हणून कड्यातून पुढे डोकावत राहतो. त्याच्या लगेच वर लालसर ज्वालामुखी खडक आणि गाळाचे थर आहेत. हे थर नैर्ऋत्येकडे तिरपे कललेले आहेत आणि खाली सीमेपाशी येऊन एकदम तुटतात. सीमेच्या पलीकडे त्यांचा मागमूस नाही. म्हणजे १० किलोमीटरहून अधिक खोलीवर घडलेला खडक आणि उघड्या जमिनीवर साचलेला खडक एकमेकांना खेटून आहेत. मधले कवच गायब आहे. वरचा ठोकळा ईशान्येकडे सुमारे ४० किलोमीटर सरकला, असा अंदाज काढला गेला आहे.

अशा जागा नव्या नाहीत, त्यांचा अर्थ मात्र बदलत गेला. डेथ व्हॅलीच्या पूर्व कडेला कासवाच्या पाठीसारखे गुळगुळीत, फुगीर खडकपृष्ठ आहेत. त्यांना टर्टलबॅक हे नाव १९३८ साली एच. डोनाल्ड करी यांनी दिले. १९४१ साली लेव्ही नोबल यांनी डेथ व्हॅलीच्या दक्षिण भागातल्या तुकड्या-तुकड्यांच्या खडकांना अमारगोसा केऑस म्हटले आणि त्याखालच्या सपाट विभंगाचा अर्थ दाबामुळे झालेला व्युत्क्रम विभंग असा लावला. तेव्हा सपाट विभंग म्हणजे दाब, हे समीकरण पक्के होते. चेस्टर लाँगवेल यांनी १९४५ साली नेवाडातले कमी कलाचे सामान्य विभंग नोंदवले. १९७१ साली आर. अर्नेस्ट अँडरसन यांनी आग्नेय नेवाडात पातळ तुकड्यांमध्ये फाटत गेलेल्या कवचाचे वर्णन केले. यांत्रिकीचा नियम सांगणारे अँडरसन वेगळे. १९८० साली अमेरिकेच्या भूवैज्ञानिक संस्थेने रूपांतरित गाभ्याच्या संकुलांवर, म्हणजे खोल कवचातला खडक सपाट विभंगाखालून वर आलेल्या जागांवर, मोठा ग्रंथ काढला. दक्षिण कॅनडापासून वायव्य मेक्सिकोपर्यंत अशी २५हून अधिक संकुले होती आणि त्यांची घडण व्हिपलसारखीच होती. पुढच्याच वर्षी वेर्निके यांनी मांडले, की हे विभंग संपूर्ण कवच तिरपे छेदत खोल जातात.

त्यानंतरचा वाद वरवर एकच दिसत असला, तरी त्यात तीन वेगळे प्रश्न आहेत. सपाट दिसणारी सीमा विभंगच आहे का? विभंग असेल, तर तो कवचात खोल जातो की वरच्या वर झालेल्या दरडीचा तळ आहे? खोल जात असेल, तर तो सपाट असतानाच घसरला की आधी उभा होता आणि नंतर आडवा झाला? एका प्रश्नाचा पुरावा दुसऱ्या प्रश्नाला लावला, की चर्चेचे घोडे अडते.

पहिला प्रश्न: सेव्हियर वाळवंटातील परावर्तन

पश्चिम युटातील सेव्हियर वाळवंटात सपाट विभंग जमिनीवर दिसत नाही. तो भूकंपी परावर्तनाच्या चित्रात दिसतो. जमिनीत कंपने सोडायची आणि खालच्या थरांवरून परत येणारे प्रतिध्वनी नोंदवायचे, ही तेलशोधातली पद्धत. तेल कंपन्यांच्या नोंदींतून १९७०च्या दशकात तिथे एक ठळक प्रतिध्वनी पुढे आला. १९८२ साली कोकॉर्प या विद्यापीठीय प्रकल्पाने घेतलेल्या नोंदींत तो पश्चिमेकडे सुमारे ११ अंशांनी कलत, सुमारे ७० किलोमीटरपर्यंत आणि १२ ते १५ किलोमीटर खोलीपर्यंत जाताना दिसला. त्याला सेव्हियर डेझर्ट डिटॅचमेंट हे नाव मिळाले आणि त्यावर दहा-दहा किलोमीटरची घसरण झाली असे गणित मांडले गेले.

१९९४ साली मार्क अँडर्स आणि निकोलस क्रिस्टी-ब्लिक यांनी या निष्कर्षालाच हात घातला. तेलासाठी खोदलेल्या विहिरी या सीमेतून आरपार गेल्या होत्या आणि छिद्रणातून वर आलेला चुरा जपून ठेवलेला होता. विभंगाजवळ खडकातल्या कणांना सूक्ष्म तडे पडतात आणि विभंगाकडे जाताना त्यांची दाटी झपाट्याने वाढते, हे इतर विभंगांवरून माहीत होते. चुऱ्यातले क्वार्ट्झचे कण सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून दोघांनी तडे मोजले. सीमेजवळ तड्यांची अपेक्षित वाढ त्यांना आढळली नाही. दहा-दहा किलोमीटर खडक एकमेकांवरून घासले गेले असतील, तर एवढी साधी खूणही मागे राहू नये का, असा त्यांचा सवाल होता. त्यांच्या मते पूर्वेकडच्या भागात ही सीमा म्हणजे विसंगती: झिजलेल्या जुन्या खडकावर खूप काळानंतर साचलेला नवा गाळ. खोलवरचा प्रतिध्वनी जुन्या, दाबाच्या काळातल्या विभंगाचा असावा आणि वेगवेगळ्या वयाच्या या सीमा चित्रात योगायोगाने एका ओळीत आल्या असाव्यात.

दुसऱ्या बाजूनेही ठोस उत्तर आले. छिद्रणाचा चुरा वर येताना मिसळतो, त्यामुळे काही मीटर जाडीचा चुरडलेला पट्टा त्यात हरवू शकतो. पूर्वेकडच्या कॅन्यन रेंजमधल्या खडकांच्या थंड होण्याच्या कालमापनात असे दिसले, की ते मायोसीन काळात, सुमारे १.९ ते १.५ कोटी वर्षांपूर्वी, झपाट्याने वर आले. विभंगाचा खालचा ठोकळा वरचे ओझे सरकल्यावर वर यावा, तशीच ही नोंद आहे. हा पेच सोडवायला सीमेतून सलग गाभा काढावा लागेल. त्यासाठी शास्त्रीय छिद्रणाची योजना २००९ साली मांडली गेली आणि ती मांडणाऱ्यांमध्ये क्रिस्टी-ब्लिक, अँडर्स आणि वेर्निके, असे दोन्ही पक्षांचे लोक होते.

दुसरा प्रश्न: मुळे असलेला आणि नसलेला विभंग

कवच न ताणताही सपाट प्रतलावर खडकांचे प्रचंड तुकडे सरकू शकतात. वायोमिंगमधला हार्ट माउंटन हा त्याचा प्रसिद्ध दाखला. सुमारे ४.९ कोटी वर्षांपूर्वी तिथे चुनखडक आणि डोलोमाइटचे डोंगराएवढे ठोकळे अवघ्या २ अंशांच्या उतारावरून सरकले. काही ठोकळे मूळ जागेपासून ५० किलोमीटरच्या आसपास गेले आणि पसारा ३,४०० चौरस किलोमीटरहून मोठा आहे. आज ती महाकाय दरड मानली जाते.

दरड आणि विभंग वेगळे कसे ओळखायचे? दरडीच्या खालचा खडक जवळपास अस्पर्श असतो, मोडतोड वरच्या भागातच होते. घसरण्याच्या रेघा स्थानिक उताराप्रमाणे दिशा बदलतात. तळाशी चुऱ्याचा थर असतो, पण खोल, गरम कवचात घडलेला मायलोनाइट कधीच नसतो. खोल विभंगात याच्या उलट चित्र दिसते: खालच्या ठोकळ्यात मायलोनाइट, त्यावर चुरडलेला हिरवट खडक आणि सर्वत्र घसरणीची एकच दिशा. या कसोटीवर व्हिपल पर्वत उतरतात. आग्नेय नेवाडातल्या मॉर्मन पर्वतांबद्दल मात्र वाद झाला. कमी कलाच्या विभंगाचा नमुना म्हणून ते गाजले होते. अँडर्स आणि सहकाऱ्यांनी २००६ साली तिथल्या सपाट सीमा फेरतपासून त्या मुळे नसलेल्या दरडींच्या आहेत, असे म्हटले. तिथे आधी काम केलेल्या भूवैज्ञानिकांना ते पटले नाही.

याच प्रश्नाचा दुसरा पैलू म्हणजे ठोकळे खरोखर किती दूर सरकले. १९८३ साली जॉन स्टुअर्ट यांनी पॅनामिंट रांग डेथ व्हॅलीच्या पूर्वेकडून सुमारे ८० किलोमीटर वायव्येला सरकली, असे मांडले. पुढे ईगल माउंटन परिसरातल्या मायोसीन पिंडाश्मात हंटर माउंटनच्या ग्रॅनाइटी खडकाचे गोटे ओळखले गेले. आज तो खडक तिथून सुमारे १०० किलोमीटर दूर आहे. गोटे डोंगराच्या पायथ्याच्या गाळपंख्यात साचले असतील, तर मूळ खडक तेव्हा जवळच असला पाहिजे आणि मधले अंतर नंतरच्या ताणाने पडले, असा २००१ सालचा निष्कर्ष होता. २००८ साली याच थरांचा पुन्हा अभ्यास झाला. गोट्यांचा गोलवा आणि थरांची रचना नदीची आहे, असे त्यात म्हटले होते. नदी गोटे दूरवर वाहून नेते, त्यामुळे ते मूळ खडकाचे अंतर सांगू शकत नाहीत. गोटे तेच, पण त्यांना आणले कुणी यावर सगळे गणित अवलंबून आहे.

तिसरा प्रश्न: घसरताना कल किती होता

नेवाडातील येरिंग्टन इथली तांब्याची खाण या प्रश्नासाठी महत्त्वाची ठरली. खाणीसाठी घेतलेल्या असंख्य छिद्रांमुळे तिथल्या जमिनीचे त्रिमित चित्र मिळाले. १९७७ साली जॉन प्रॉफेट यांनी दाखवले, की तिथले सर्वांत जुने विभंग आज जवळजवळ आडवे आहेत, त्यांना त्यानंतरच्या उभट विभंगांनी कापले आहे आणि ज्वालामुखी थर पश्चिमेकडे खूप कललेले आहेत. हे थर साचताना आडवे होते. थर आणि विभंग यांच्यातला कोन म्हणजे विभंग फुटतानाचा कल. तो उभट निघतो. म्हणजे विभंग उभा जन्मला आणि ठोकळ्यांबरोबर फिरत आडवा झाला. घसरता येईनासे झाल्यावर नव्या उभट विभंगाने त्याची जागा घेतली. इथे अँडरसन यांचा नियम कुठेही मोडत नाही.

१९८८ साली रॉजर बक यांनी, तसेच वेर्निके आणि गॅरी ॲक्सन यांनी, याच दिशेने जाणारी पण वेगळी कल्पना मांडली. वरचा ठोकळा सरकून गेला की खालच्या ठोकळ्यावरचे ओझे कमी होते आणि माल उतरवलेल्या नावेसारखा तो वर येतो. वर येताना तो वाकतो आणि विभंगाचा वरचा, निकामी झालेला भाग सपाट होतो. खोलवर मात्र विभंग उभटच राहून काम करत असतो. मध्य अटलांटिक कटकावर सूक्ष्म भूकंपांच्या नोंदींतून असाच विभंग दिसला आहे: समुद्रतळाजवळ सपाट, खाली उभट.

सगळीकडे हे स्पष्टीकरण पुरत नाही. फिनिक्स शहराला लागून असलेल्या साउथ माउंटन्समध्ये १९९३ साली खडकांतले प्राचीन चुंबकत्व मोजले गेले. खडक थंड होताना चुंबकत्वाची दिशा गोठते. नंतर तो कलला तर ती दिशाही कलते. खालचा ठोकळा फारसा फिरलेला नाही, म्हणजे विभंग कमी कलानेच घसरला, असे त्यातून निघाले. थंड होण्याच्या वयांवरूनही कल काढता येतो. समजा, घसरणीच्या दिशेने २० किलोमीटर चालताना खडकांचे विभंगापूर्वीचे तापमान १०० अंश सेल्सिअसने वाढलेले आढळले. दर किलोमीटर खोलीला तापमान २५ अंशांनी वाढते असे धरले, तर खोली फक्त ४ किलोमीटरने वाढली आणि कल १२ अंशांच्या जवळ येतो. कोलोरॅडो नदीकाठच्या चेमेहुएवी पर्वतांत अशाच पद्धतीने बार्बरा जॉन आणि डेव्हिड फॉस्टर यांनी सुरुवातीचा कल १५ ते ३० अंश काढला. पद्धतीची अडचण एकच: तापमानवाढीचा जुना दर गृहीत धरावा लागतो, आणि जोरात ताणल्या जाणाऱ्या कवचात तो सगळीकडे सारखा नसतो.

भूकंप काय सांगतात

सपाट सामान्य विभंग आज कुठे घसरत असतील, तर त्यांचे भूकंप नोंदले गेले पाहिजेत. १९८९ साली जेम्स जॅक्सन आणि निकी व्हाइट यांनी जगभरचे सामान्य विभंगांचे भूकंप तपासले. बहुतेकांचा कल ३० ते ६० अंशांमध्ये निघाला. २००१ साली क्रिस्तियानो कोलेत्तिनी आणि रिक सिब्सन यांनी मध्यम व मोठ्या भूकंपांची यादी पुन्हा पाहिली, तेव्हाही ३० अंशांखालचा निःसंदिग्ध दाखला मिळाला नाही. बायर्ली यांच्या घर्षणाशी हे अगदी जुळते.

वेर्निके यांनी १९९५ साली यावर उत्तर दिले: सपाट विभंगांचे भूकंप मोठे पण विरळ असतील, तर काही दशकांच्या नोंदींत ते सापडणारच नाहीत. भूकंप घडवणारा थर १५ किलोमीटर जाड धरला, तर ६० अंशांच्या विभंगाची त्यातली रुंदी १७ किलोमीटर भरते आणि २० अंशांच्या विभंगाची ४४ किलोमीटर. एवढे मोठे प्रतल एकाच वेळी फुटले, तर भूकंपही त्या प्रमाणात मोठा होईल. म्हणून या वादाला धोक्याच्या अंदाजाचीही बाजू आहे.

मधल्या काळात ३० अंशांच्या आसपासचे आणि त्याखालचे दाखले जमले. १६ डिसेंबर १९५४च्या डिक्सी व्हॅली भूकंपात फुटलेला नेवाडातला विभंग काही भागांत २५ ते ३० अंशांचाच असल्याचे नंतरच्या परावर्तन-नोंदींत दिसले. पापुआ न्यू गिनीच्या वुडलार्क खोऱ्याजवळ कमी कलाचा विभंग वर्षाला काही मिलिमीटर घसरताना मोजला गेला आहे. इटलीतील आल्तो तिबेरिना विभंग १५ ते २० अंशांचा आहे. त्यावर सतत सूक्ष्म भूकंप होतात, पण मोठा भूकंप त्याच्या नावावर नाही.

घर्षणाचा अडसर कसा दूर होतो, याची तीन उत्तरे दिली जातात. एक, विभंगात टाल्कसारखी निसरडी खनिजे पट्ट्या-पट्ट्यांनी जुळली, तर घर्षण निम्म्याहून कमी होते. इटलीच्या एल्बा बेटावरील झुक्काले विभंगाच्या नमुन्यांवर कोलेत्तिनी आणि सहकाऱ्यांनी २००९ साली हे प्रयोगाने दाखवले. दोन, विभंगात अडकलेल्या पाण्याचा दाब वाढला, की दोन्ही बाजू एकमेकींवर कमी दाबल्या जातात. तीन, खोलवर मुख्य दाबाची दिशा उभी न राहता तिरपी होते. पहिले दोन मार्ग आधीच असलेला विभंग घसरता ठेवू शकतात. अखंड खडकात नवा सपाट विभंग फुटण्याचे कोडे त्यांनी सुटत नाही.

आज ज्या मुद्द्यांवर सहमती आहे, ते असे: रूपांतरित गाभ्याच्या संकुलांतले सपाट पृष्ठ खरे विभंग आहेत आणि त्यांवरची घसरण दहा-दहा किलोमीटरची आहे, अनेक सपाट विभंग उभे जन्मून नंतर आडवे झाले, आणि काही सपाट सीमा दरडींच्या किंवा विसंगतींच्या आहेत. वाद उरतो तो ३० अंशांखालीच फुटून तिथेच घसरलेल्या विभंगांबद्दल आणि सेव्हियर वाळवंटासारख्या, जमिनीवर न दिसणाऱ्या सीमांबद्दल. एका पर्वतात सिद्ध झालेला निष्कर्ष शेजारच्या खोऱ्याला आपोआप लागू होत नाही; प्रत्येक सीमा तिन्ही प्रश्नांवर स्वतंत्रपणे तपासावी लागते आणि प्रदेश किती रुंदावला याचे एकूण माप या स्वतंत्र उत्तरांच्या बेरजेवरच ठरते.